गुरूचे न दिसणारे पट्टे : प्रस्तावना

लहानशा दुर्बिणीतून गुरू पाहिलेल्या कोणालाही त्याच्यावरचे तपकिरी पट्टे ठाऊक असतात. हे पुस्तक त्या पट्ट्यांबद्दल नाही. ते ढगांचे पट्टे, हौशी निरीक्षकाला घराच्या गच्चीवरूनही दिसतात. इथे ज्यांची चर्चा आहे ते पट्टे कितीही मोठे भिंग लावले तरी डोळ्यांना दिसायचे नाहीत. गुरूचे चुंबकीय क्षेत्र सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांत बलवान आहे. त्या क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन ग्रहाभोवती कडे करून राहतात. त्यांतले काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या इतके जवळ पोचलेले असतात, की चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेताना ते रेडिओलहरी बाहेर टाकतात. या लहरींना सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात आणि कणांच्या त्या कड्यांना प्रारण पट्टे. पृथ्वीलाही असे पट्टे आहेत. एक्सप्लोरर-१ उपग्रहावरच्या उपकरणातून जेम्स व्हॅन ॲलन यांना ते १९५८ मध्ये सापडले. गुरूचे पट्टे त्यांच्या कैक पटींनी दाहक आहेत, आणि पृथ्वीच्या पट्ट्यांपेक्षा आणखी एका बाबतीत वेगळे आहेत : ते कोट्यवधी किलोमीटर दूर बसून, रेडिओ दुर्बिणीने, थेट पाहता येतात.

पट्टे आहेत हे साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. ते बदलतात, हेही आता कोणी नाकारत नाही. ते कशामुळे बदलतात आणि किती काळात बदलतात, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. हे एकमत व्हायचे असेल तर ते एखाद्या मोठ्या मोहिमेच्या एका धाडसी फेरीतून होणार नाही, जमिनीवरून वर्षानुवर्षे, कंटाळा न करता घेतलेल्या रेडिओनोंदींतून होईल, असे माझे मत आहे. या प्रस्तावनेत मी तेच मांडणार आहे. हे मत सगळ्यांना पटते असे नाही. यानांच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, आणि जमिनीवरच्या नोंदींवर जो संशय घेतला जातो तोही निराधार नाही. म्हणून दोन्ही आक्षेपांना पुढे सविस्तर जागा दिली आहे.

आधी इतिहास. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांना २२.२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या अँटेनांच्या जाळ्यात अधूनमधून एक खरखर मिळत होती. ती आसपासच्या एखाद्या यंत्राची नसून गुरूची आहे, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. ही बातमी कळल्यावर ऑस्ट्रेलियात ॲलेक्स शेन यांनी आपल्या जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा १९५०-५१च्या कागदांवरही तीच खरखर उमटलेली निघाली. कोणी तिकडे लक्ष दिले नव्हते, इतकेच. ही लघुकाळ स्फोटांसारखी येणारी लहर ४० मेगाहर्ट्झच्या खाली असते. तिचा संबंध गुरूच्या ध्रुवप्रभेशी आणि आयो या चंद्राशी आहे, प्रारण पट्ट्यांशी नाही. नव्या वाचकाचा इथे हमखास घोटाळा होतो, म्हणून आताच सांगून टाकतो.

पट्ट्यांचा सुगावा दुसऱ्या टोकाकडून लागला. १९५६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत मेयर, मॅककुलॉ आणि स्लोनेकर यांनी ३ सेंटिमीटर तरंगलांबीवर गुरूचे तापमान मोजले. ते सुमारे १४० केल्विन भरले, म्हणजे इतक्या दूरच्या थंड ग्रहाचे असावे तसेच. पण लांब तरंगांकडे सरकावे तसा आकडा चढत गेला. १० सेंटिमीटरला तो काही शे केल्विन झाला, त्यापुढे हजारांत गेला आणि मग दहा हजारांच्या पटीत. ढगांचे तापमान तरंगलांबीप्रमाणे बदलत नसते. तेव्हा ही ऊब ग्रहाची नसून त्याच्याभोवती अडकलेल्या कणांची असावी, असे फ्रँक ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये सुचवले. व्हॅन ॲलन यांच्या शोधाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

सुचवणे निराळे आणि दाखवणे निराळे. ते दाखवण्याचे काम ज्या दोघांनी केले त्यांतल्या एकाचे नाव इथे म्हैसुरात बसून लिहिताना विशेष आपुलकीने घ्यावेसे वाटते. व्ही. राधाकृष्णन हे सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव आणि म्हैसूर विद्यापीठाचे पदवीधर. पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे ते दीर्घकाळ संचालक होते. १९६० साली ते कॅलिफोर्नियात कॅलटेकच्या ओवेन्स व्हॅली वेधशाळेत होते. तिथे सुमारे २७ मीटर व्यासाच्या दोन तबकड्या रुळांवर सरकवता येत असत. दोन तबकड्यांमधले अंतर वाढवत नेले की लहान स्रोताचा मिलाफ टिकून राहतो, पसरट स्रोताचा मात्र विरत जातो. राधाकृष्णन आणि जेम्स रॉबर्ट्स यांनी ९६० मेगाहर्ट्झवर गुरूचे वेध घेतले आणि एकाच प्रयोगातून दोन गोष्टी हाती आल्या. एक, येणारी लहर ग्रहाच्या बिंबापेक्षा कितीतरी पसरट जागेतून, विषुववृत्ताच्या दिशेने सुमारे तीन गुरू-व्यासांच्या पट्टीतून येत होती. दुसरी, तिचा सुमारे ३० टक्के भाग ध्रुवित होता आणि ध्रुवणाची दिशा विषुववृत्ताला जवळजवळ समांतर होती. गरम वायू अशी ध्रुवित लहर देत नाही. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन देतात. पृथ्वीखेरीज दुसऱ्या ग्रहाला चुंबकीय क्षेत्र आणि प्रारण पट्टे आहेत, याचा हा पहिला भक्कम पुरावा. कोणतेही यान गुरूजवळ पोचायला तेव्हा तेरा वर्षे अवकाश होता. या शोधाचा उल्लेख आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळतो, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

यानंतरची दहा-बारा वर्षे पट्ट्यांचा आकार समजून घेण्यात गेली. ध्रुवणाची दिशा गुरूच्या दर फेऱ्यागणिक, म्हणजे दर ९ तास ५५ मिनिटांनी, दोन्ही बाजूंना सुमारे दहा अंश डुलते असे दिसले, आणि त्यावरून चुंबकीय अक्ष भ्रमणाक्षाशी तेवढाच कललेला आहे असे निघाले. डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर-१० आणि वर्षभराने पायोनियर-११ तिथून गेले, तेव्हा हे सगळे जागेवर पडताळले गेले. त्यांना तिथे मिळालेली प्रारणाची मात्रा माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होती. व्हॉयेजर, गॅलिलिओ, शनीकडे जाताना वाटेत गुरूजवळून गेलेले कॅसिनी आणि २०१६ पासून ध्रुवीय कक्षेत फिरणारे जुनो या प्रत्येकाने चित्रात भर घातली. आता एवढे निश्चित आहे की रेडिओत दिसणारा पट्टा गुरूच्या केंद्रापासून चारेक त्रिज्यांच्या आत आहे, त्याचा सर्वांत तेजस्वी भाग दीड त्रिज्येच्या आसपास आहे, आणि मीटर-डेसिमीटर तरंग देणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काही दशलक्ष ते काही कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. भूगोल इतका नीट माहीत झाला. इतिहास लिहायचा राहिला.

पट्ट्यांना इतिहास आहे, हेच पुष्कळ दिवस मान्य होत नव्हते. त्याला कारणेही होती. गुरूचे रेडिओतेज चार-पाच जान्स्की भरते, आणि त्यातला अपेक्षित बदल काही टक्क्यांचा. ग्रह फिरतो तशी लहर आपल्याकडे कमी-जास्त रोखली जाते. पृथ्वी गुरूच्या विषुववृत्ताच्या वर आहे की खाली, यानेही आकडा हलतो. अंतर सतत बदलते, म्हणून सगळे आकडे ४.०४ खगोलीय एकक या ठरावीक अंतरावर आणून तोलावे लागतात. मोजणीयंत्राचा स्वतःचा चढउतार आहेच. त्याहून वाईट म्हणजे गुरू ताऱ्यांतून चालत असतो, आणि त्याच्या मागून दूरच्या दीर्घिका एकामागून एक सरकत जातात. मोठ्या एकट्या तबकडीला गुरूची लहर आणि मागच्या दीर्घिकेची लहर वेगळी करता येत नाही. तेव्हा मोजलेला बदल गुरूचा की मोजणाऱ्याचा, असा प्रश्न विचारणारे लोक खोडसाळ नव्हते. या क्षेत्रातल्या चांगल्या कामाची निम्मी मेहनत आजही याच प्रश्नाच्या उत्तरात खर्ची पडते, आणि पडावी. १९७१ पासून नासाच्या खोल-अवकाश जाळ्यातल्या अँटेनांनी १३ सेंटिमीटरवर गुरूचे तेज नेमाने मोजायला सुरुवात केली. मायकेल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेली ती मालिका लांबत गेली तसा संशय ओसरला. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू चढणारे-उतरणारे तेज पार्श्वभूमीच्या गोंधळातून येत नाही, हे त्या आलेखाकडे पाहूनच पटते. या कामात पुढे अमेरिकेतली शाळकरी मुलेही सामील झाली. निवृत्त झालेली ३४ मीटरची तबकडी ती वर्गातून चालवत आणि गुरूची नोंद घेत. चिकाटीच्या कामाला मोठी पदवी लागत नाही, याचे हे चांगले उदाहरण.

मग जुलै १९९४ उजाडला. शूमेकर-लेव्ही-९ या धूमकेतूचे तुकडे १६ ते २२ जुलै या आठवड्यात गुरूवर आदळले. ढगांवर उमटलेले काळे डाग जगाने पाहिले आणि वर्तमानपत्रांनी छापले. पट्ट्यांवर काय परिणाम होईल, याविषयी आधी जे अंदाज बांधले गेले त्यांत धूमकेतूची धूळ इलेक्ट्रॉन शोषून घेईल आणि रेडिओतेज घटेल, असा एक अंदाज होता. झाले उलटे. आठवडाभर तेज चढत गेले, काही तरंगलांबींवर पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त, आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू ओसरले. इम्के द पाटर आणि इतर अनेकांनी जगभरच्या दुर्बिणींनी ते टिपले. तेज सगळीकडे सारखे वाढले नाही, काही रेखांशांवर जास्त वाढले. आघाताने वरच्या वातावरणात जी खळबळ उडाली तिने विद्युतक्षेत्रे उठली आणि इलेक्ट्रॉनांना आत, जास्त बलवान क्षेत्राकडे ढकलले किंवा जागच्या जागी चेतवले, अशी स्पष्टीकरणे पुढे आली. तपशिलावर वाद राहिला. तरी दोन गोष्टी त्या आठवड्याने कायमच्या सिद्ध केल्या : पट्टे दिवसांच्या हिशेबानेही बदलू शकतात, आणि ग्रहाच्या वातावरणात काही घडले तर त्याचा पडसाद पट्ट्यांत उमटू शकतो. आणि हे दाखवता आले याचे एकच कारण, की आघाताच्या आधीच्या वर्षांच्या नोंदी उपलब्ध होत्या. पाया नसता तर ती उंची कोणाला मोजता आली असती?

बदलांच्या कारणांविषयी आज जी मते आहेत त्यांची मुळे याच दोन प्रकारच्या नोंदींत आहेत. एक घराणे सौरवाऱ्याचे. क्लाइन, बोल्टन आदींनी लांब मालिकेत असे पाहिले की सौरवाऱ्याचा दाब वाढला की सुमारे दोन वर्षांनी गुरूचे तेज वाढते. बाहेरचे कण चुंबकीय क्षेत्राच्या हेलकाव्यांनी हळूहळू आत झिरपतात आणि आत येता येता ऊर्जा कमावतात, त्या प्रवासाला तेवढा काळ लागतो, असा त्यांचा अर्थ. मला हा अर्थ आकर्षक वाटतो, पण सौरचक्र अकरा वर्षांचे असते. दोन-तीन चक्रांवरून काढलेला दोन वर्षांचा विलंब पक्का मानायला मी तयार नाही. दुसरे घराणे वाऱ्यांचे, म्हणजे गुरूच्या स्वतःच्या वरच्या वातावरणातल्या वाऱ्यांचे. सूर्याच्या अतिनील किरणांनी ते वातावरण तापते, वारे उठतात, वारे चुंबकीय क्षेत्रातून वाहताना विद्युतक्षेत्र निर्माण करतात आणि ते क्षेत्र इलेक्ट्रॉनांचे झिरपणे वाढवते. ब्राइस आणि मॅकडोनो यांनी हा विचार १९७३ मध्ये मांडला. जपानी संशोधकांनी तो पुढे गंभीरपणे घेतला, आणि १९९९ मध्ये मियोशी आणि सहकाऱ्यांनी काही दिवसांत होणारे रेडिओतेजाचे चढउतार सूर्याच्या किरणांशी जुळतात असे दाखवले. तिसरे मत गुरूच्या अंगणातल्या घडामोडींवर भर देते : आयोचे ज्वालामुखी दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात सोडतात, त्यातून प्लाझ्माचे वलय बनते, त्या परिसरात उठणाऱ्या लहरी इलेक्ट्रॉनांना तिथल्या तिथे वेग देतात.

या तिन्ही मतांचा समेट घालणे फार सोपे आहे. वर्षांचा बदल सौरवाऱ्याचा, दिवसांचा बदल वाऱ्यांचा, आणि मूळ पुरवठा आयोकडचा, असे वाटून दिले की सगळे खूश. पण हा समेट मला फसवा वाटतो. सौरवारा असो की वातावरणातले वारे, दोघांनाही शेवटी तेच एक झिरपणे घडवून आणायचे आहे. त्या झिरपण्याचा दर जर वाऱ्यांमुळे दिवसांत बदलत असेल, तर दोन वर्षांच्या विलंबाचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. म्हणून मतांची कसोटी एकूण तेजात नाही, तेज कुठे वाढते यात आहे. वारे दिवसा आणि रात्री वेगळे वाहतात. तेव्हा त्यांचा प्रभाव असेल तर गुरूच्या पहाटेच्या बाजूचा आणि संध्याकाळच्या बाजूचा तेजफरक त्यानुसार बदलायला हवा. हे पाहायला नुसता आकडा पुरत नाही, चित्र लागते. मीटर तरंगांवर असे चित्र काढू शकणाऱ्या दुर्बिणी जगात मोजक्याच आहेत, आणि त्यांतली एक पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात खोडदला आहे.

खोडदच्या या दुर्बिणीची, म्हणजे जीएमआरटीची, कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. गोविंद स्वरूप यांनी १९६०च्या दशकात कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्या मांडून सूर्याचे वेध घेतले, तेही ६१० मेगाहर्ट्झवर. पुढे ऊटीची दुर्बीण झाली आणि मग खोडदची. इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी ताणलेल्या, म्हणून हलक्या आणि स्वस्त. चौदा तबकड्या एका चौरस किलोमीटरभर दाटीने आणि सोळा इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गुरूसाठी ही रचना योगायोगाने फार सोयीची आहे. लांबच्या तबकड्या ६१० मेगाहर्ट्झवर चार-पाच विकलांपर्यंतचा तपशील दाखवतात, आणि गुरूचे बिंबच चाळीस-पन्नास विकलांचे असते. पट्टा मात्र बिंबाच्या कितीतरी बाहेर पसरलेला. फक्त लांबच्या तबकड्या असत्या तर त्याचा पसरट भाग हातून निसटला असता. तो मधल्या दाट तबकड्या पकडतात. निरीक्षणाच्या वेळी ठरावीक काळाने दुर्बीण गुरूवरून हटवून ज्यांचे तेज पक्के ठाऊक आहे अशा दूरच्या स्रोतांकडे वळवायची, मोजणी जुळवून घ्यायची आणि पुन्हा गुरूकडे यायचे. गुरू सूर्यासमोर असतो त्या सुमारास तासाभरात तो ताऱ्यांतून आपल्या व्यासाच्या जवळपास निम्मे अंतर सरकतो. तेवढ्या वेळात तो स्वतःभोवती छत्तीस अंशांहून जास्त फिरतो. म्हणून आधी मागच्या दीर्घिका स्थिर धरून त्यांचे चित्र काढायचे, ते वजा करायचे, मग गुरूच्या चालीमागे चालत त्याचे चित्र जुळवायचे. एवढा खटाटोप झाल्यावर पडद्यावर जे येते ते आडवे लांबट असते : मधे ग्रह, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तेजस्वी गाठ. गुरूचा चेहरा म्हणून आपण जे ओळखतो त्यातले इथे काहीच नसते.

खोडदच्या या चित्रांवर अनिल भारद्वाज आणि सहकाऱ्यांनी प्रथम काम केले. पुढे जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या हाजिमे किता, हिरोआकी मिसावा आदींच्या साथीने नोव्हेंबर २०११ मध्ये एक जोडमोहीम झाली. खोडदला रेडिओतेज मोजायचे आणि हवाईतल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने गुरूच्या वरच्या वातावरणाचे तापमान पाहायचे. कारण आणि परिणाम एकाच वेळी पकडण्याचा हा प्रयत्न, माझ्या मते या क्षेत्रात भारतभूमीवरून झालेला सर्वांत नेमका. एकूण तेजाच्या बाबतीत वाऱ्यांच्या मताला या मालिकेतल्या कामातून पाठबळ मिळाले. तेज कुठे वाढते या दुसऱ्या कसोटीचा निकाल तितका स्वच्छ लागलेला नाही. योगायोग असा की त्याच महिन्यात युरोपातल्या लोफार या जाळ्याने १२७ ते १७२ मेगाहर्ट्झवर गुरूचे पट्टे टिपले. खोडदची दुर्बीण आता सुधारून सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या मोठ्या पल्ल्यात काम करू लागली आहे, म्हणजे वेगवेगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तिला वेगवेगळे पाहता येतील. इकडे कर्नाटकात गौरीबिदनूरची ३४.५ मेगाहर्ट्झची जुनी मांडणी गुरूच्या स्फोटांच्या पल्ल्यात येते, पट्ट्यांच्या नाही. त्यामुळे तिची गोष्ट या पुस्तकात थोडक्यात आली आहे.

आता आक्षेप. पहिला यानांचा. जुनो तिथे फिरते आहे, मग कोट्यवधी मैलांवरून अंदाज कशाला? उत्तर असे की यान एका वेळी एकाच जागी असते. एका फेरीत त्याला कमी इलेक्ट्रॉन भेटले आणि पुढच्या फेरीत जास्त, तर पट्टा बदलला की यानाची वाट बदलली, हे एकट्या यानाला सांगता येत नाही. जुनोच्या सुरुवातीच्या फेऱ्या ५३ दिवसांच्या होत्या, आणि वाऱ्यांचे मत ज्या बदलांविषयी बोलते ते आठवड्यात होऊन जातात. शिवाय पट्टा हा यानाला लवकर म्हातारे करणारा भाग आहे. जुनोची इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या जाड पेटीत ठेवावी लागली, आणि तिच्या बाहेर असलेला कॅमेरा खराब होऊ लागला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये आयोजवळून जाण्याआधी तो तापवून ताळ्यावर आणावा लागला. यान खोली देते, दुर्बीण काळ देते. एकाचे काम दुसऱ्याने करावे ही अपेक्षाच चुकीची.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. रेडिओत दिसतो तो आतला पट्टा. ज्या युरोपा चंद्राकडे आता मोहिमा निघाल्या आहेत तो नऊ त्रिज्यांपलीकडे. आतल्याची नोंद बाहेरच्याच्या काय कामाची? हे खरे आहे, आणि या पुस्तकातले काही लेखक ते पुरेसे मान्य करत नाहीत असे मला वाटते. तरीही आतला पट्टा हा बाहेरून झिरपत आलेल्या कणांचा शेवटचा मुक्काम आहे. तिथली भरती-ओहोटी वरच्या प्रवाहाविषयी काही सांगते, सगळे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये पोचेल, युरोपचे ज्यूस २०३१ मध्ये. क्लिपर युरोपाभोवती न फिरता गुरूभोवती फिरून युरोपाजवळून पुन्हा पुन्हा जाणार आहे, ते या प्रारणापासून बचावासाठीच. उड्डाणाच्या काही महिने आधी त्याच्यातले ट्रान्झिस्टर हे प्रारण सोसतील का, अशी शंका निघून त्यांच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या होत्या. ही याने तिथे असतील त्या काळात गुरूचे पट्टे चढतीवर आहेत की उतरतीवर, हे रोज सांगणारे कोणी पृथ्वीवर असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि हा विषय आता सूर्यमालेपुरता उरलेला नाही. २०२३ मध्ये एका दूरच्या अतिथंड खुजाताऱ्याभोवतीचे प्रारण पट्टे रेडिओत प्रथमच चित्रित झाले. ते वाचण्याची बाराखडी गुरूवरच शिकावी लागते.

तिसरा आक्षेप संशोधनपत्रिकांत येत नाही, तो नारायणगावच्या परिसरात ऐकू येतो. पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेचा प्रस्तावित मार्ग जीएमआरटीच्या रेडिओशांततेच्या आड आला, आणि तो वळवण्याचा विषय निघाला. दूरच्या ग्रहासाठी आमची गाडी का अडवता, हा सवाल जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने विचारला तर तो अडाणीपणाचा नाही. गुरूच्या पट्ट्यांसाठी म्हणून कोणी ती दुर्बीण बांधली नव्हती आणि तेवढ्यासाठी रेल्वे वळवा असे मीही म्हणणार नाही. पण तीस तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि एकदा गेलेली रेडिओशांतता परत आणता येत नाही. रेल्वेला दुसरी वाट असू शकते. मात्र एवढी किंमत ज्या भागाने मोजायची, त्या भागाला तिथे काय चालते हे त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे वैज्ञानिकांचे कर्तव्य आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला हजारो माणसे येतात, शाळांच्या सहली येतात, प्रयोग मांडले जातात. वर्षातल्या त्या एक-दोन दिवसांवर हे कर्तव्य भागत नाही.

हे पुस्तक त्या कमतरतेवरचा एक उपाय आहे. विषयाची तोंडओळख करून देऊन ते थांबत नाही. मोजणी कशी होते, ती कुठे फसते, आणि फसली हे कसे ओळखायचे, यावर त्याचा भर आहे. म्हणून गणित टाळलेले नाही, पण बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे जिथे आले तिथे ते शब्दांत उलगडले आहे. लेखकांमध्ये तीनही मतांचे लोक आहेत आणि संपादकांनी त्यांच्यात एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केलेला नाही, हे उत्तम झाले. एका प्रकरणात पक्के म्हणून आलेले विधान दुसऱ्या प्रकरणात शंकास्पद ठरते, तेव्हा वाचकाने गोंधळून जाऊ नये. या विषयाची आजची स्थितीच तशी आहे. चित्रांपेक्षा आलेख जास्त आहेत, आणि काही वाचकांना ते रुक्ष वाटतील. शनी, युरेनस आणि नेपच्यूनच्या पट्ट्यांना फारच कमी जागा मिळाली आहे, ही उणीव मला जाणवली. पुढच्या आवृत्तीत ती भरून निघावी.

शेवटी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. जीएमआरटीने घेतलेली निरीक्षणे, ज्यांनी मागितली त्यांच्याकडे साधारण अठरा महिने राखीव राहतात आणि त्यानंतर ती सर्वांसाठी खुली होतात. गुरूची निरीक्षणेही त्यात आहेत. एखाद्या महाविद्यालयातल्या चार-पाच विद्यार्थ्यांनी आणि एका खमक्या शिक्षकाने ठरवले, तर या पुस्तकातल्या पद्धतीने ती चित्रे पुन्हा काढता येतील आणि छापलेल्या निष्कर्षांशी ताडून पाहता येतील. ती जुळली नाहीत तर संपादकांना जरूर लिहून कळवा.